ठकूबाईच्या फाट्यावर बंद पडणारी जीप

डिंगोऱ्यात मारुतीच्या पारासमोर त्या दिवशी निम्मं गाव लोटलं होतं. लग्न नाही, जत्रा नाही. सयाजीच्या वडापच्या, म्हणजे भाड्यानं माणसं नेणाऱ्या, जीपला झालेली बाधा उतरवायची होती! बॉनेट उघडं, त्यावर हळद-कुंकू, इंजिनावर नारळाचं पाणी आणि पुढे कपाळभर शेंदूर फासलेला गेणूबाबा. मी शाळेतून घरी निघाले होते. विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं असल्या ठिकाणी थांबू नये, उगाच डोकं तापतं. पण थांबले.

“इंजिन म्हंजी काळीज, वायर म्हंजी नाडी, आन् बॅटरी म्हंजी जीव!” गेणूबाबा डोळे गरागरा फिरवत ओरडला. “ह्यो जीव कुणीतरी पितंय! सयाजी, चालू कर गाडी. लाल डोळा दिसतोय का?”

पोरांनी धक्का मारला, गाडी सुरू झाली. स्टिअरिंगपुढचा लाल दिवा पेटलेलाच होता. “दिसतोय, बाबा,” सयाजी रडकुंडीला येऊन म्हणाला.

“नजर हाय ती! बाईमाणसाची नजर!”

मग बाबानं बॉनेटमध्ये डोकं खुपसलं, काहीबाही पुटपुटत काळा दोरा कुठंसा गुंडाळला आणि करकचून गाठ मारली. लाल दिवा विझला. हेडलाइट भक्कन उजळले. बायकांनी हात जोडले, आणि कांद्याचे मोठे बागायतदार भिमाजीअण्णा, ज्यांना गावात कुणी उलटून बोलत नाही, त्यांनी तर जीपच्या बंपरलाच डोकं टेकवलं. दिवा विझलेला मीही पाहिला. नाही कसं म्हणू?

“पिणारीचं नाव सांगा, बाबा,” अण्णा म्हणाले.

“मी कशाला सांगू? गाडी कुणाच्या फाट्यावर मरती, तुमीच बगा.”

ते सगळ्यांना ठाऊक होतं. ठकूबाईच्या.

ठकूबाई ओझरला गणपतीच्या वाटेवर दुर्वा आणि हार विकायची. नवरा ट्रक चालवायचा, तो अपघातात गेला, पोरबाळ नाही. सकाळी जुन्नरवरून ओझरला जाणाऱ्या सयाजीच्या जीपनं जायचं आणि संध्याकाळी त्याच जीपनं परतायचं, हा तिचा बारा वर्षांचा रिवाज. ओझरच्या वाटेवरची तिची जागा म्हणजे तिचं शेत आणि तिचा नवरा, दोन्ही. आठ दिवस तिथं बसलं नाही की ती जागा दुसऱ्याची होते, हे तीच मला सांगायची.

पण गेले दोन महिने जीप संध्याकाळी तिच्या फाट्यावर थांबली की पुन्हा सुरूच होत नव्हती. रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. बाकी कुठंच नाही, तिच्याच फाट्यावर. त्या दिवशी पारावर ठरलं: ठकूबाईला जीपमध्ये घ्यायचं नाही. आणि चमत्कार बघा, त्या दिवसापासून जीप एकदाही बंद पडली नाही!

मी तिच्या घरी गेले. दारात दुर्वांच्या जुड्या सुकून पडलेल्या.

“ठकूबाई, तुमचा यावर विश्वास बसतो तरी कसा? हा गेणू कोण कुठला?”

“कुठला म्हंजी? आमच्या मालकाच्या ट्रकवर क्लीनर व्हता की त्यो. मंचरला मार्केटात कांदा भरायचे दोघं.”

“क्लीनर! म्हणजे त्याला वायर न् वायर ठाऊक असणार!”

“आसंल. पर देव कुणाच्याबी अंगात येतो, बाई,” ती खाली मान घालून म्हणाली. मला तिचा इतका राग आला, की तशीच उठून आले.

शनिवारी जुन्नरला जायला जीपमध्ये पुढे बसले. पाहते तर लाल दिव्यावर सयाजीनं बायकोची टिकली चिकटवलेली!

“हे काय रे?”

“डोळा झाकलाय, बाई. परत उघडाय लागला व्हता.”

टिकलीच्या कडेनं लाल उजेड मिचमिचत होता. धन्य रे बाबा! बॅटरीला चार्जिंग मिळत नाही, हे गाडी बापडी ओरडून सांगत होती, आणि यानं तिच्या तोंडावर टिकली लावली होती. म्हणजे बिघाड होता तिथंच होता. मग जीप बंद का पडत नव्हती? येताना मी डोळे उघडे ठेवून बसले. सयाजी दर थांब्याला इंजिन चालूच ठेवायचा. उतरा, पैसे द्या, चला. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ठकूबाईची मोठी छत्री, फळी आणि पाट्या टपावर दोरानं बांधलेल्या असायच्या. त्या सोडायला सयाजी स्वतः वर चढायचा आणि तेवढ्यात डिझेल कशाला जाळा म्हणून इंजिन बंद करायचा. संध्याकाळी, हेडलाइटनी बॅटरी संपवत आणलेली असताना, अख्ख्या वाटेवर तेवढ्या एकाच फाट्यावर!

दुसऱ्याच संध्याकाळी शाळेतला व्होल्टमीटर पिशवीत घालून मी जुन्नरहून परतीच्या जीपमध्ये बसले. हेडलाइट लावलेले, गाडी खच्चून भरलेली, शेजारी भिमाजीअण्णा. त्यांची वस्ती आली.

“सयाजी, इंजिन बंद कर. माझी पिशवी टपावर राहिलीय, ती काढून दे,” मी मुद्दाम म्हणाले.

त्यानं बंद केलं. मग किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. दिवे मलूल झाले.

“अरेरे!” मी म्हणाले. “आज गाडी अण्णांच्या दारात मेली. बॅटरी अण्णांनी प्यायली का?”

मागं बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. अण्णा लालबुंद झाले. सगळ्यांनी खाली उतरून धक्का मारला, गाडी चालू झाली, आणि मी बॉनेट उघडायला लावलं.

“हा डायनामो. इंजिन फिरलं की हा बॅटरी भरतो. इथून बॅटरीकडे ही जाड वायर जाते. हिच्या टोकाची कडी झिजून सैल झालीय. गचका बसला की सुटते, गचका बसला की चिकटते. डिझेलचं इंजिन एकदा सुरू झालं की बॅटरीवाचूनही चालतं. बॅटरी लागते ती दिव्यांना आणि पुन्हा सुरू करायला. हा मीटरचा काटा बघा.” मी वायर ओढून धरली. काटा सरकन वर गेला, लाल दिवा विझला. सोडली, काटा खाली, दिवा पेटला. पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. “बाबाच्या दोऱ्यानं हेच केलं. दोरा इंजिनाच्या उष्णतेनं सैल पडला, की पुन्हा बाबा, पुन्हा दोरा.” मी तो काळा दोरा तोडून टाकला आणि माझ्या पिशवीची नाडी बांधली. दिवा विझला तो विझलाच.

“आयला, खरंच की राव!” सयाजी म्हणाला. त्यानं टिकली काढून फेकली. मला वाटलं, जिंकले!

कसलं काय. गावात कळताच गेणूबाबा पारावर हात उडवून म्हणाला, “वायर सैल व्हती, मान्य. पर सैल केली कुणी?” बस्स, एवढं पुरलं. अण्णा म्हणाले, त्या दिवशी येताना ठकूबाई रस्त्यात आडवी गेली होती, म्हणून दारात गाडी मेली. सयाजीनं नवी कडी बसवून घेतली, जीप ठणठणीत झाली. त्याचंही श्रेय दोऱ्याला. मी सयाजीला म्हटलं, “आता तरी ठकूबाईला घे.” तो जमिनीकडे बघत म्हणाला, “बाई, मला पटलंय. पर ती बसली की बाकीचे उतरत्यात. मी काय करू?”

मी ठकूबाईकडे धावत गेले. मीटर, वायर, नाडी, सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“वायरच व्हती ना, बाई? मग इतकी माणसं मलाच का म्हणली? माज्यातच काईतरी आसंल.”

यावर माझ्याकडे मीटर नव्हता.

ओझरची जागा गेली. ठकूबाई आता भिमाजीअण्णांच्याच कांद्यात खुरपते, इतर बायांपासून चार सऱ्या लांब. जीप तिच्या फाट्यावरून जाताना ती तोंड फिरवून उभी राहते, आपली नजर गाडीला लागू नये म्हणून.

बाबांनो, हात जोडून सांगते. यंत्र बिघडतं ते झिजल्यानं, गंजल्यानं, सैल झाल्यानं. लाल दिवा लागला तर तो काय सांगतो ते आधी विचारा. गाडी बंद पडली तर बॉनेट उघडा, बाई शोधू नका. सयाजीच्या जीपची कडी तेव्हाच बदलता आली. ठकूबाईच्या मनात तुम्ही जे सैल करून ठेवलंत, ते मला अजून घट्ट करता आलेलं नाही.