अठरा आणि एक

व्हेसेट गावात मतदार एकोणीस आणि निकाल दर निवडणुकीला ठरलेला: अठरा आणि एक. तो एक म्हणजे आन्सेल्म रूडिल. तरुणपणी कोळशाच्या खाणीत नऊ वर्षं काढून आलेला, पुढे रस्त्यावर खडी टाकणारा, आता पेन्शनीत. मतदान गुप्त असतं म्हणे. एकोणीस जणांत कसलं गुप्त आलंय? कम्युनिस्टांचं लाल मत निघालं की शाळेच्या खोलीत बसलेली मंडळी "आला आन्सेल्म" म्हणून हसायची आणि मोजणी संपली की मेयरच्या घरी जेवायला जायची. आन्सेल्मला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. ये असंही कुणी म्हटलं नव्हतं.

बायको होती तोवर त्याचं काही अडलं नाही. तिचं मत पाद्री सांगेल तिकडे जायचं, पण संध्याकाळचं सूप दोघं समोरासमोर बसून प्यायची. ती गेल्यावर तीन हिवाळे तो भिंतीकडे तोंड करून जेवत होता.

त्या बासष्ट सालात लष्कराने पॅरिसमध्ये उठाव केला, तो जेमतेम मोडला, आणि त्या धसक्यात मध्यममार्गी सगळे उमेदवार पहिल्याच फेरीत वाहून गेले. अध्यक्षपदासाठी उरले दोन. संसदेला कुलूप ठोकू म्हणणारा कर्नल मोर्व्हेर, आणि कुंपणं उपटून सगळी शेतं सरकारजमा करू म्हणणारा कॉम्रेड ब्रनाक. एकमेकांना तुरुंगात घालायचं, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत होतं.

गुरुवारी मेयर कास्तानिए आन्सेल्मच्या दारात आला. त्याने आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मग मुद्द्यावर आला.

"म्हातारबा, या खेपेला गाव एकमुखी होऊ दे. कर्नलची माणसं गावागावाचे आकडे बघणार आहेत. आणि रविवारी मोजणी झाली की आमच्याकडे जेवायला ये. क्लेमांस बटाट्यात चीज घोटणार आहे."

आकड्यांची आन्सेल्मला भीती नव्हती. आयुष्यभर कुणाला भ्याला नाही गडी. पण जेवायच्या बोलावण्याने तो पार विरघळला.

रविवारी त्याने दाढी केली, बायकोच्या अंत्यविधीचा कोट घातला. पडद्याआड गेल्यावर दोघा उमेदवारांच्या नावांच्या दोन्ही चिठ्ठ्या हातात धरून बराच वेळ उभा राहिला. मग कर्नलची चिठ्ठी पाकिटात घातली आणि ब्रनाकची खिशात कोंबली. त्याला लाज वाटली. भूकही लागली होती.

सहाला पेटी उघडली. मेयर पाकीट फोडायचा, पोस्टमन नाव वाचायचा. मोर्व्हेर, मोर्व्हेर, मोर्व्हेर. आन्सेल्म मागच्या बाकावर बसून एकोणीस होण्याची वाट पाहत होता. बारावं पाकीट फोडलं आणि पोस्टमन हसला.

"ब्रनाक."

"आला आन्सेल्म," कुणीतरी म्हणालं, आणि सगळी खोली मागे वळली.

हे माझं नाही, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण तसं म्हटलं असतं, तर त्याच क्षणी बाकीचे एकमेकांची तोंडं न्याहाळायला लागले असते, आणि ज्याचं ते मत होतं त्याची धडगत नव्हती. त्याने तोंड मिटलं. इतकी वर्षं तो एकटा होता. आज कुणीतरी जोडीला आलं होतं, आणि नेमका आजच तो पळाला होता.

कागदावर सही करताना मेयर त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "तुला सांगून काय उपयोग झाला? जा घरी."

तो बाहेर पडला. शाळेमागच्या लाकडांच्या ढिगाशी मेयरची बायको क्लेमांस उभी होती. या गावात लग्न होऊन आल्याला तिला चौदा वर्षं झाली होती, पण आन्सेल्मशी ती कधी नमस्कारापलीकडे बोलली नव्हती. तिने दाराकडे एकदा पाहिलं.

"चौदा वर्षं तुमचं ते एक मत ऐकत आले," ती हळू आवाजात म्हणाली. "या वेळी मीही धीर केला. म्हटलं, आज दोन निघतील."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर आन्सेल्मला बरं वाटलं असतं. त्याला काहीतरी सांगायचं होतं, निदान माफी तरी मागायची होती. पण आतून मेयरने घरी जाऊन पानं वाढ म्हणून हाक मारली, आणि ती लाकडं उचलून गेली.