बंद चिठ्ठी

दोन हजार बावीस साल होतं. कोल्हारला आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ह्यांची एकाहत्तर सालची जीप तेवीस वर्षं उभी होती. हे गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. आणि एका सकाळी पुतण्या यज्ञेश्वर श्रीरामपूरहून आरटीओचा एजंट घेऊन हजर.

"काकू, कर भरून जीप रस्त्यावर आणू. आधी तुमच्या नावावर करू."

माझ्या नावावर? ह्याला माझा एवढा पुळका कशासाठी? हे एकदा म्हणाले होते, "जीप यज्ञाला देऊ." मी ते विसरले नव्हते, तोही विसरला नसणार.

एजंट वाल्मिक जीपखाली शिरला. चेसिसच्या नंबरावर कागद धरून त्यानं पेन्सिल घासली. बाहेर येऊन म्हणाला, "काकू, काकांची बंद चिठ्ठी हाय का घरात? घावली तर लई सोपं हुईल."

चिकटवलेलं एक पाकीट होतं खरं. वर ह्यांच्या अक्षरात 'जीप. जपून ठेवणे.' आत जीप पुतण्याला दिल्याचं लिहिलेलं असेल, या भीतीनं मी ते कधी फोडलंच नव्हतं.

"नाही बाई, तसलं काही नाही."

"काकांच्या ट्रंकेत बघू?" यज्ञेश्वरनं विचारलं.

"थांब, किल्ली आणते. मग घे की झडती, पोलिसासारखी!"

तो हसला. किल्ली आणायच्या निमित्तानं मी कपाटातलं पाकीट तांदळाच्या डब्यात खुपसलं. दोघांनी सगळी ट्रंक उपसली.

"राहू दे," शेवटी यज्ञेश्वर म्हणाला. "सगळ्या वर्षांचा कर मी भरतो."

चिठ्ठीचा आणि कराचा काय संबंध? मला ती सगळी साखरपेरणी वाटली.

दोन महिन्यांनी कागदपत्रं आली. मालक म्हणून माझंच नाव. तेव्हा मी पाकीट फोडलं. आत आरटीओच्या शिक्क्याची पोच होती: गाडी बंद ठेवली आहे, वापरात नाही. वाल्मिकची बंद चिठ्ठी ती हीच. ती दाखवली असती तर त्या वर्षांचा कर पडलाच नसता.

फोन करून मी यज्ञेश्वरला सगळं सांगितलं.

"काकू, काय असेल असं वाटलं तुम्हाला त्यात?"

मी खरं तेच सांगितलं.

भरलेला कर परत मिळावा म्हणून वाल्मिकनं पोच जोडून अर्ज केला, हाती काही आलं नाही. आता त्यानं एजंटगिरी सोडून टायरचं दुकान टाकलंय. जीप मी यज्ञेश्वरच्या मुलीच्या, मनवाच्या नावावर केली. ती थेट राजूरपर्यंत नेते. यज्ञेश्वर अजूनही येतो. फक्त कपाटातलं काही हवं असलं, की स्वतः हात न लावता मलाच उठवतो.