नापासकाकांची गाडी विकणे आहे

मी एक गाडी बोलतेय. चार दारांची, राखाडी रंगाची, मागे ऐसपैस डिकी असलेली. लहान गाड्यांसारखी मी गल्लीबोळांतून सुळकन निसटत नाही आणि उंच गाड्यांसारखी कुणाच्या डोळ्यांतही भरत नाही. घरातल्या मधल्या मुलाचं जे होतं तेच माझं. थोरल्याला मान, धाकट्याचे लाड आणि मधल्याला फक्त 'तू समजूतदार आहेस ना!' मी आहे समजूतदार. पण म्हणून मला काही वाटतच नाही, असं कुणी समजू नये.

माझ्या जन्माचं कौतुक फार लांबवत नाही. कारखान्यातल्या लांबलचक पट्ट्यावर एका टोकाला मी नुसता सांगाडा होते, दुसऱ्या टोकाला गाडी होऊन उतरले. तिथून शोरूमला आले. तिथे माणसं मला बघायला यायची ती फोटो काढत, नातेवाइकांना फोन लावत, सीटवरचं प्लास्टिक चाचपत. माझे धनी मात्र आले ते बॅटरी घेऊन. हातातली, उजेडाची बॅटरी.

अख्खी सकाळ त्यांनी मला उभी-आडवी तपासली. चाकांच्या कमानीत वाकून पाहिलं, दारं शंभरदा उघडझाप केली, आणि मागच्या दाराचं रबर एका कोपऱ्यात नीट बसलेलं नाही हे शोधून काढलं. विकणारा पोरगेला माणूस घामाघूम झाला. "साहेब, एवढं कुणी बघत नाही हो," तो म्हणाला. "म्हणून तर मी बघतो," हे म्हणाले. रबर बदलल्यावरच त्यांनी किल्ली हातात घेतली.

यात त्यांचा दोष नव्हता, हाडीमासी खिळलेली सवय होती. आयुष्यभर त्यांनी एका कारखान्याच्या तपासणी विभागात काम केलं होतं. तयार झालेला प्रत्येक भाग त्यांच्या हाताखालून जायचा आणि बरेचसे परत जायचे. निवृत्त झाल्यावर परत पाठवायला काही उरलं नाही, तेव्हा ते चहा, भाजी, शेजाऱ्याने लावलेला रंग, वर्तमानपत्राची घडी असं जे समोर येईल ते नापास करू लागले. कॉलनीने त्यांचं नावच नापासकाका ठेवलं. काकूंच्या हातचा चहा एखाद्या दिवशी पास झाला, तर काकू दिवसभर हवेत असायच्या.

मला मात्र काकांनी कधी नावं ठेवली नाहीत. कौतुकही केलं नाही म्हणा. रोज बाहेर पडण्याआधी बॉनेटवर तळवा टेकवायचे, एवढंच. मला ते पुरायचं.

माझ्यात बसून या घराने बरंच काही केलं. काकूंच्या आईला दवाखान्यात नेलं आणि आणलं, आणि एकदा नुसतंच नेलं. त्यांची मुलगी माझ्यावर गाडी शिकली. प्रत्येक सिग्नलला ती मला गचके देऊन बंद पाडायची, मागचे हॉर्न वाजवायचे, आणि जगातली प्रत्येक गोष्ट नापास करणारे काका शेजारी बसून शांतपणे म्हणायचे, "होतं असं. परत सुरू कर." पुढे तिच्या मुलीला पोहण्याच्या क्लासला ने-आण करायचं काम काकांनी मागून घेतलं. ओल्या केसांची ती नात मागच्या सीटवर बसून दिवसभराच्या तक्रारी सांगायची आणि काका आरशात तिच्याकडे बघून हुंकार भरायचे. गाडीत माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, रस्त्याकडे बघतात. त्यामुळेच असेल, घरात न निघणारे विषय माझ्यात सहज निघतात.

मग काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की काकू गाडीत जरा जास्तच बोलायला लागल्यात. त्या डाव्या सीटवर बसायच्या आणि गप्पांच्या ओघात मध्येच म्हणायच्या, "सायकल आहे." मग पुन्हा भावजयीचा विषय. मग, "खांब." मग पुन्हा भावजय. काकाही न बोलता तेवढं स्टिअरिंग फिरवायचे. दोघांनी हे कधी बसून ठरवलं नसावं. चाळीस वर्षांच्या संसारात जसं एकाने तवा ठेवला की दुसरा पोळपाट काढतो, तसंच ते होत गेलं. काकांना डावीकडचं दिसेनासं झालं होतं आणि काकू त्यांची डावी बाजू झाल्या होत्या.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या घरात अडकल्या. त्याच आठवड्यात माझा डावा आरसा फाटकाला घासला. मग डावं दार एका कठड्याला. मग डाव्या चाकाची रिम. मुलीने बाबांना ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. त्यात समोरचं लखलखीत दिसत राहतं आणि कडेचं हळूहळू जातं. पण काय गेलं ते माणसाला कळतही नाही, कारण जे दिसतच नाही ते गेलं हे कळणार कसं? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गाडी चालवणं बंद.

घरी आल्यावर काकांनी औषधाची बाटली उचलली आणि तिच्यावरची मुंगीएवढी अक्षरं चष्म्याशिवाय घडाघडा वाचून दाखवली. "हे बघ. कोण म्हणतं मला दिसत नाही?"

"बाबा, रस्ता बाटलीवर छापलेला नसतो," मुलगी म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "कुणाच्या अंगावर घालाल एखाद दिवशी. मग तुम्हीच स्वतःला माफ करणार नाही. गाडी विकायची. आणि विकेपर्यंत माझी पोरगी तुमच्याबरोबर बसणार नाही."

काका पटकन 'हो' म्हणाले, इतकं पटकन की मला शंका आली. "विकू. पण गिऱ्हाइकाला गाडी मी दाखवणार. मला माहितीये ती."

आणि मग सुरू झाली गंमत.

पहिलं आलं एक तरुण जोडपं, कडेवर बाळ. नवऱ्याने आल्या आल्या माझ्या टायरला बुटाने लाथ मारली. जुनी गाडी बघायला येणारा प्रत्येक जण टायरला लाथ मारतो. त्यातून त्याला काय कळतं, हे मला आजतागायत समजलेलं नाही. तो काही विचारणार, एवढ्यात काकांनीच तोंड उघडलं. "क्लच जड आहे. खड्ड्यातून गेली की मागून कुरकुरते. एसी सुरू केला की चढावर दम लागतो. बाळ आहे तुमचं, बघा बुवा." बायकोने नवऱ्याकडे पाहिलं आणि दोघं चहासुद्धा न घेता गेली.

दुसरा आला तो मेहुण्याला घेऊन. प्रत्येक घरात गाड्यांमधलं कळणारा एक मेहुणा असतो, त्यातलाच हा. त्याने खिशातून लोहचुंबक काढलं आणि माझ्या अंगावर फिरवायला लागला. दुरुस्तीत पत्र्याच्या खळग्यात कुठे लांबी, म्हणजे पुट्टी, भरली असेल तर तिथे चुंबक चिकटत नाही. काकांनी त्याचा हातच धरला. "तिथे काय शोधताय? इथे लावा, या दाराला. इथे भरलीय." मेहुण्याचा पार मुखभंग झाला. अशी गाडी घ्यायचीच नाही, असं त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं.

असे बरेच आले आणि गेले. मुलगी कपाळावर हात मारून घ्यायची. "बाबा, खोटं बोलू नका, पण गप्प तरी बसा ना." तिला वाटायचं, बाबांचा प्रामाणिकपणा नडतोय. मला मात्र ठाऊक होतं. माझा क्लच पहिल्या दिवसापासून जड होता आणि त्याबद्दल काका इतक्या वर्षांत चकार शब्द बोलले नव्हते. अक्षर न् अक्षर खरं सांगूनही माणसाला फसवता येतं, हे मी त्या दिवसांत शिकले. गिऱ्हाईक गेलं की काका खुशीत यायचे. आणि मुलगी कामावर गेली की 'बॅटरी उतरेल' म्हणत मला बाहेर काढायचे. काकू खिडकीतून ओरडायच्या, "अहो, लांब जाऊ नका!" शेजारची सीट रिकामी असायची. मला भीती वाटायची. ब्रेक माझ्यात असला तरी तो दाबणारा पाय त्यांचा होता.

मग एका सकाळी त्या बाई आल्या. त्या गाडी शिकवायच्या. कॉलनीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, सगळे त्यांना ब्रेकबाई म्हणायचे. त्यांनी आधी बॉनेटवर हात ठेवला. "थंड आहे, छान. गरम करून ठेवलेली गाडी मी बघतच नाही. पहिल्यांदा सुरू होताना जे ऐकू येतं ते खरं." मी एका दमात सुरू झाले. जरा तोऱ्यातच.

काकांनी आपलं पुराण लावलं. क्लच, कुरकुर, चढ. बाई ऐकत होत्या आणि आपलं काम करत होत्या. गाडी कधी पुरात बुडाली नव्हती ना, म्हणून सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाचे डाग आहेत का ते पाहिलं. पायाखालची चटई उचलून वास घेतला. टायरवरून तळवा फिरवला. "काका, एवढं सगळं जुन्या गाडीत असायचंच," त्या म्हणाल्या. "मला घरासाठी हवीये. सासू-सासरे, दोन मुलं, सगळ्यांचं सामान. दिवसभर शिकवून आले की मला शेजारी बसून झोपता आलं पाहिजे, एवढीच अट."

मग त्या माझ्याभोवती फिरल्या. उजवी बाजू बघितली, स्वच्छ. डावीकडे आल्या आणि थांबल्या. आरसा, दार, रिम. नवे ओरखडे. त्यांनी काकांकडे पाहिलं. "कॉलनीतच एक फेरी मारू या? हळू. तुम्ही चालवा, मी शेजारी बसते. दुसरा चालवत असला की मला गाडी नीट कळते."

काका खुलले. आम्ही निघालो. दुसऱ्या वळणावर काकांनी मला डावीकडे घेतलं. तिथे फुटपाथवरून एक बाई बाळाची ढकलगाडी रस्त्यावर उतरवत होती. मला ती दिसत होती. काकांचा पाय अजून अॅक्सिलरेटरवर होता. ब्रेकबाईंचा पाय धाडकन खालच्या चटईवर आपटला. तिथे ब्रेक नव्हता. पुढच्याच क्षणी त्यांनी हँडब्रेक खेचला आणि मी गचका खाऊन उभी राहिले.

ढकलगाडीवालीला वाटलं, आम्ही तिच्यासाठीच थांबलो. तिने हसून हात केला आणि पलीकडे गेली. आत बाळ झोपलेलं होतं.

"ही कुठून आली?" काका म्हणाले.

"खांबापाशी उभी होती, काका. आपण वळायच्या आधीपासून."

काकांनी किल्ली फिरवून मला बंद केलं. "मला दिसली नाही," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी डॉक्टरसमोर उच्चारलं नव्हतं, पोटच्या मुलीसमोर नाही. मला फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही वाटलं.

"शिकवायच्या गाडीत इथे ब्रेक असतो," बाई हलकेच म्हणाल्या. "पाय सवयीने गेला."

"आमच्या गाडीत तिथे बायको असायची," काका म्हणाले.

ते उतरले. बॉनेटवर हात टेकत टेकत वळसा घालून आले आणि मागचं दार उघडून आत बसले. इतक्या वर्षांत ते मागे कधी बसलेच नव्हते. बाईंनी मला चालवायला घेतलं. थोडं अंतर गेल्यावर मागून आवाज आला. "मागे ऐसपैस आहे की. तुमच्या सासूबाईंना बरं पडेल." मग जरा थांबून, "क्लच जड लागतो, पण टिकाऊ आहे. चढावर दम लागतो म्हणालो ना मी, ते सगळ्याच गाड्यांना लागतो. दवाखान्याच्या वाटेवर ही कधी बंद पडली नाही. एकदाही नाही." बाई मान डोलावत ऐकत होत्या.

फाटकापाशी काकू काठी टेकत उभ्या होत्या. "काय हो, काय दोष निघाला?"

"गाडीत काही नाही," काका म्हणाले. "तू आधी पोरीला फोन लाव. सांग, मी किल्ली दिली."

काकूंनी काकांचा दंड घट्ट धरला आणि दोघं आत गेली.

आता मी ब्रेकबाईंकडे असते. त्यांचे यजमान चालवतात आणि बाई शेजारी खरोखरच झोपतात, अगदी तोंड उघडं टाकून. डावं दार नव्याने रंगवलंय. नात हल्ली आजोबांबरोबर बसने पोहायला जाते, असं कानावर आलं, आणि आजोबा रोज बस नापास करतात. तुमच्यापैकी कुणी जुनी गाडी बघायला जाल, तर एवढं ऐका माझं. इंजिन बघा, टायर बघा, हवं तर लाथही मारा. पण विकणारा उगाच अडून बसला असेल, तर त्याच्यावर लगेच चिडू नका. गाडीबरोबर त्याच्या हातून आणखी काय सुटतंय, ते तुम्हाला दिसत नसतं.

निरोपाच्या दिवसाचं सांगते आणि थांबते. बाई मला फाटकातून मागे घेत होत्या. काका रस्त्यावर जाऊन उभे राहिले. सवयीने हात वर केला, पण लगेच खूण केली नाही. आधी उजवीकडे पाहिलं. मग डावीकडे, नुसती मान नाही, अख्खं अंग वळवून, अगदी टोकापर्यंत, सावकाश. पुन्हा एकदा पाहिलं.

मग म्हणाले, "या. रस्ता मोकळा आहे."