चष्मा लावेपर्यंत

‘मेसेज पाठवला होता, तुम्ही बघितला नाही का?’

हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आज सापडायचा नाही. दवाखाना असो, बँक असो की शाळा असो, खिडकीपलीकडचा माणूस एवढं बोलतो आणि मोकळा होतो. अलीकडचा बिचारा खिसे चाचपत उभा राहतो, जणू सगळी चूक त्याचीच. ही गोष्ट त्या वाक्याची आहे, आणि अशी वाक्यं जिथे तयार होतात त्या ऑफिसातल्या एका मुलीची.

घरी तिला ठकी म्हणत, ऑफिसात मॅडम. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून मामा-मामींनीच तिला लहानाची मोठी केली. मामानं आयुष्यभर बस चालवली आणि त्या पगारात तिला इंजिनिअर केलं. निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांत त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. मामा म्हणायचा, “नोकरीत मी एकदाही संप केला नाही ना, त्याचं उट्टं यांनी काढलं!” आता एक दिवसाआड त्याला डायलिसिसला जावं लागे. एका हातात दोन जाड सुया खुपसून दुपारभर खुर्चीवर पडून राहायचं. तो हात जराही हलवायचा नाही. रक्त यंत्रात जायचं, धुऊन परत यायचं. खोली इतकी गार की भर उन्हाळ्यात पेशंट गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन बसलेले असायचे.

त्या डायलिसिस केंद्रात वेळांचा सदा गोंधळ. एखादं यंत्र बिघडलं की सगळ्यांच्या वेळा बदलायच्या आणि काउंटरवरची मुलगी फोन करून करून बेजार व्हायची. ठकीनं ते पाहिलं आणि तिच्याच डोक्यातून कल्पना निघाली की यासाठी एक ॲप करावं. वेळ बदलली की पेशंटच्या मोबाइलवर आपोआप कळेल. केंद्राला कल्पना आवडली, कंपनीनं काम घेतलं आणि साहेबांनी ते ठकीवरच सोपवलं. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं त्या दिवशी.

ॲप तयार होत आलं तसे साहेब म्हणाले, “लोकांच्या हातात देण्याआधी रीतसर चाचणी करा. काहीजण निवडा, त्यांना वापरू दे, चुका सापडू दे. फक्त उद्घाटनाची तारीख पुढे जाता कामा नये.”

ठकीनं झपाट्यानं चाचणी उभी केली. चाचणीची प्रत कुणाच्या फोनवर टाकायची, मत कुठे लिहायचं, तारे किती द्यायचे, सगळं चोख. माणसं निवडली तीही हाताशी होती तीच. ऑफिसातले सहकारी, त्यांचे भाऊ-बहिणी, कॉलेजातल्या मैत्रिणी. सगळ्यांचे फोन नवे, डोळे तीक्ष्ण आणि दोन्ही हात मोकळे.

मामाच्या कानावर हे गेलं. “वा!” तो म्हणाला, “हजामत आमची होणार आणि आरशात बघणार तुझे मित्र?”

“मामा, तुम्हाला कशाला त्रास...”

“त्रासाचं काय घेऊन बसलीस! दुपारभर आढ्याकडे बघत तर पडलेला असतो. मला घे, आणि आमच्या शेजारच्यालाही घे.”

शेजारचा म्हणजे शेजारच्या खुर्चीवरचे बेकरीवाले काका. जन्मभर पहाटेच्या अंधारात उठून भट्टी पेटवली, म्हणून आता ऊन अंगावर येईपर्यंत लोळायचं असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यासाठी तर दुपारची वेळ मागून घेतलेली. मऊ स्वभावाचा माणूस. सुई दुखली तरी नर्सलाच म्हणायचे, “तुला लागलं नाही ना गं?”

ठकीनं दोघांचीही नावं घातली. खरं सांगायचं तर मामाचं मन राखायला घातली.

एका दुपारी ती केंद्रात गेली तेव्हा काका तिची वाटच बघत होते.

“पोरी, झकास केलंयस हो. फक्त एक सांगू? रागावणार नाहीस ना?”

“सांगा की काका.”

“ती वेळ बदलल्याची पट्टी वर येते ना, ती मी चष्मा लावेपर्यंत निघून जाते. हे बघ.”

त्यांनी करूनच दाखवलं. ठकीनं चाचणीचा एक निरोप पाठवला. फोन वाजला. सुयांचा हात निश्चल. दुसऱ्या हातातला फोन त्यांनी छातीवर ठेवला, खिशातून चष्मा काढला, एक काडी दातांत धरून उघडली, कसाबसा नाकावर चढवला आणि फोन पुन्हा उचलला. पडद्यावर काहीच नव्हतं.

“गेली!” काका हसले. “मांजरासारखी डोकावते आणि पळते.”

मामा म्हणाला, “ऐकलंस ना ठके?”

ठकीचा फोन तेवढ्यात तिसऱ्यांदा वाजत होता. “हो काका, बघते,” ती म्हणाली आणि बाहेर पडली.

खोटं बोलली नव्हती ती. ऑफिसात जाऊन तिनं प्रोग्रॅमर मैत्रिणीला विचारलंसुद्धा. मैत्रीण म्हणाली, “पट्टी थांबवून ठेवणं काही अवघड नाही गं. पण त्यानंतर बाकीचं सगळं पुन्हा तपासावं लागेल. तारीख जाईल.” ठकीनं मतांचा तक्ता उघडला. ताऱ्यांचा नुसता सडा पडला होता. ‘मस्त!’, ‘एकदम सोपं!’, ‘कमाल!’ त्या कौतुकाच्या गर्दीत एका म्हाताऱ्या माणसाची तक्रार ती केवढीशी! तिनं त्यापुढे ‘किरकोळ’ असं लिहिलं. पुढच्या आवृत्तीत घेऊ, म्हणाली.

ठरल्या तारखेला ॲप सुरू झालं. फोटो निघाले, टाळ्या वाजल्या. काउंटरवरच्या मुलीला सांगण्यात आलं की आता फोन करत बसायची गरज नाही.

महिना-दीड महिना सुरळीत गेला. मग एका आठवड्यात दोन यंत्रं एकदम बिघडली आणि वेळांची फिरवाफिरव झाली. बेकरीवाल्या काकांची दुपारची वेळ सकाळवर गेली. घरी त्यांचा फोन वाजला. ते चष्मा शोधून येईपर्यंत पडदा कोरा झाला होता. कसली तरी जाहिरात असेल, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे दुपारी केंद्रात हजर झाले.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, “काका, तुमची वेळ सकाळी होती. ॲपवर टाकलं होतं ना! आता एकही खुर्ची रिकामी नाही. उद्या सकाळी सगळ्यांत आधी तुम्हालाच घेते.”

काकांनी वाद घातला नाही. तो त्यांचा पिंडच नव्हता. आतल्या खुर्चीवरून मामानं त्यांना दारात पाहिलं, त्यांनी हसून हात केला आणि परत गेले. मधे सुट्टी येऊन गेल्यामुळे आधीच दोन दिवस अंगात पाणी साठलेलं होतं. ते रात्रीतून छातीत चढलं. उजाडायच्या आत काका गेले.

ही बातमी मामानं ठकीला स्वयंपाकघरात सांगितली. ती डबा भरत होती. झाकण तिच्या हातातच राहिलं.

“वेळ चुकली म्हणे त्याची,” मामा एवढंच म्हणाला.

ठकी तशीच ऑफिसला धावली. नोंद उघडली. काकांच्या नावापुढे हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘पोहोचला’. साहेब तिच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनाही वाईट वाटत होतं, नाही असं नाही. “फार वाईट झालं,” ते म्हणाले. “पण हे बघा, आपल्याकडून निरोप पोहोचलाय. आपल्यावर काही येत नाही. मनाला लावून घेऊ नका.”

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं तेच वाक्य मामाला ऐकवलं. त्याला ऐकवलं की स्वतःला, कोण जाणे!

“मामा, निरोप पोहोचला होता. नोंद आहे तशी.”

मामी कपड्यांच्या घड्या करत होत्या, त्यांचे हात थांबले.

“कुणाला पोहोचला?” मामानं विचारलं.

“त्यांच्या फोनला...”

“मग फोनला बसवायचं होतं डायलिसिसला!” मामाचा आवाज चढला. “ठके, मी तुझ्यावर ओरडत नाहीये. मी इतकी वर्षं बस चालवली. घंटी वाजली म्हणजे सगळे चढले, असं धरून मी एकदाही गाडी हलवली नाही. आरशात बघायचो. दारात कुणाचा पाय लोंबकळतोय का, कुणाची म्हातारी मागे राहिली का. तुम्ही लोक घंटी वाजवता आणि निघून जाता.”

“आम्ही चाचणी घेतली होती मामा!”

“घेतलीस की. विचारलंस सगळ्यांना. ज्यानं शाबासकी दिली त्याचं ऐकलंस. ज्याला खरंच नड होती, त्यानं तोंडानं सांगितलं, करून दाखवलं, तर त्याला काय म्हणालीस? आठवतंय?”

ठकीला आठवत होतं.

दोन दिवसांनी ती काकांच्या घरी गेली. काकू एकट्याच होत्या. खोली नीटनेटकी, खुंटीवर काकांचा सदरा तसाच. ठकीनं येतानाच ठरवलं होतं की आडपडदा ठेवायचा नाही.

“काकू, काकांनी मला आधीच सांगितलं होतं. ती पट्टी लगेच जाते म्हणून. मी दुरुस्त केलं नाही.”

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तू होय ती?” त्या हळूच म्हणाल्या. “फार कौतुक होतं त्यांना तुझं. मी त्यांना म्हणायचे, त्या फोनवर भरवसा ठेवू नका, जाऊन विचारून या. तर म्हणायचे, अगं, मी सांगितलंय त्या पोरीला. ती बघते म्हणालीय. तिनं केलं असेल एव्हाना.”

‘तिनं केलं असेल एव्हाना!’ अरेरे! त्या भल्या माणसानं तक्रार केली, आणि तक्रार केली म्हणूनच तो निर्धास्त राहिला! काहीच बोलला नसता तर कदाचित सावध राहिला असता, रोज जाऊन विचारून आला असता. ठकीच्या एका ‘बघते’नं त्याची ती सावधगिरीही काढून घेतली होती. ती काकूंच्या पायाशी बसली आणि हुंदके देऊन रडली. काकूंनी तिला माफ केलं असं म्हटलं नाही. पाण्याचा पेला मात्र पुढे केला.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली ती मनाशी पक्कं करूनच. निरोप वाचल्याचं पेशंटनं कळवल्याशिवाय तो पडद्यावरून हलता कामा नये. ठरावीक वेळेत कळवलं नाही तर काउंटरवरच्या मुलीनं फोन केलाच पाहिजे. आणि चाचणी पुन्हा, पहिल्यापासून, त्या गार खोलीत, सुया लावलेल्या माणसांच्या हातून.

“पण त्यांची तक्रार किरकोळ होती असं तुम्हीच लिहिलंय,” साहेब म्हणाले.

“हो. मीच लिहिलंय. तो शब्द मी सगळ्यांसमोर खोडणार आहे. आणि ही चाचणी होणार नसेल, तर हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

साहेबांनी केंद्राला फोन लावला.

नवी चाचणी सुरू झाली. ठकी रोज दुपारी खुर्च्यांच्या मधल्या स्टुलावर बसू लागली. आता ती समजावून सांगत नसे, बघत असे. कुणाचा अंगठा कुठे अडतो, कुणाला अक्षर लागत नाही, कोण लाजून ‘कळलं’ म्हणतं. बेकरीवाल्या काकांच्या खुर्चीवर एक नवीन बाई येऊ लागल्या होत्या. त्या संकोचून म्हणाल्या, “मला नाही बाई जमत हे. मीच अडाणी.”

“नाही मावशी,” ठकी म्हणाली, “तुम्हाला जमत नाही म्हणजे माझं काम राहिलंय. कुठे अडलं तेवढं दाखवा.”

शेजारून मामा ते ऐकत होता. त्यानं तोंड दुसरीकडे वळवलं आणि पांघरूण वर ओढून घेतलं.

ॲप आता नीट चालतं. पण ज्यानं पहिल्यांदा चूक दाखवली, त्याला ते सुधारलेलं वापरायला मिळालं नाही. ही खंत ठकीच्या मनातून कधी जायची नाही, आणि जाऊही नये.

मंडळी, आपण सगळेच कुठे ना कुठे खिडकीच्या पलीकडे बसलेले असतो. कुणी ऑफिसात, कुणी वर्गात, कुणी घरातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर. आपण निरोप पाठवला म्हणजे आपलं काम झालं असं समजू नका. समोरच्याला तो मिळाला का, हे वळून बघा. आणि कुणाचं मत विचारलंत, तर ऐकायच्या तयारीनंच विचारा. कारण एकदा ‘बघतो’ म्हटलं की तो माणूस आपल्या भरवशावर निश्चिंत झोपतो. तेव्हा जागं राहण्याची जबाबदारी आपली असते!