आपट्याच्या सालीचा दोर

"आधी वाचून दाखव," सरजाबाई म्हणाली आणि हातात दिलेलं पेन तिने टेबलावर परत ठेवलं.

वनरक्षक शिवशंकर जरा गडबडला. नांदेडहून या चौकीवर येऊन त्याला चार महिने झाले होते. या चार महिन्यांत समोर आणलेली बाई एक तर रडायची, नाही तर मुकाट अंगठा पुढे करायची. ही मात्र डोक्यावरची चुंबळ न काढता, कमरेवर हात देऊन उभी होती. तिची मोळी बाहेर अंगणात पडली होती.

"मावशी, वाचायचं काय त्यात? नेहमीचंच आहे."

"तुझं नेहमीचं आसंल. माझ्यावर पैलाच कागद हाय."

शिवशंकरने घसा खाकरला आणि वाचलं. सरजाबाईने वनातल्या अंजनाच्या झाडाची ओली तोड केली, हा गुन्हा तिला कबूल आहे आणि मोळी जप्त करण्यात येत आहे.

"अंजन?" सरजाबाई दाराशी बसलेल्या ज्ञानोबाकडे वळली. "ज्ञानोबा, ऐकून राहिलास न्हवं? बाभळीचं अंजन झालं आज!"

ज्ञानोबा हा चौकीवरचा जुना वनमजूर. त्याने आणि सरजाबाईने खात्याच्या रोपवाटिकेत बावीस वर्षं बरोबरीने रोजंदारी केली होती. ती पिशव्यांत माती भरायची, तो खड्डे खणायचा. पुढे तो कायम झाला, ती झाली नाही. समोरच्या टेकडीवर आज जे काही हिरवं दिसतं, त्यातलं निम्मं सरजाबाईच्या डोक्यावरून वर चढलेलं आहे. टेकडी आपली नव्हे हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण टेकडी आपल्याला ओळखत नाही असं कुणी म्हटलं, की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

ज्ञानोबाने मान खाली घातली. निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या माणसाला जमिनीवर बघण्यासारखं पुष्कळ सापडतं.

गोष्ट एका मोळीची असती, तर सरजाबाईने एवढा वाद घातला नसता. तिच्या वाडीच्या बायकांना पडलेलं, वाळलेलं सरपण डोक्यावरून आणायची मुभा होती, आणि ती मिळवायला तीन वर्षं खेटे घालावे लागले होते. ओल्या तोडीचा एक गुन्हा कबूल झाला, की ती मुभा सगळ्या वाडीची बंद. म्हणजे तिच्या एका सहीने अकरा घरांच्या चुली विझणार होत्या.

आणि घरी करिश्मा होती. सरजाबाईची ही धाकटी लेक कालच पाच दिवसांचं बाळ घेऊन दवाखान्यातून आली होती. संक्रांतीच्या आधीची थंडी, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्याचा शेक नको? नर्सबाईने बजावलं होतं, की खोलीत धूर होता कामा नये आणि दार उघडं ठेवायचं. सरजाबाईला ते पटलं होतं. म्हणून तर ती पहाटे उठून वाळलेल्या बाभळीसाठी टेकडीच्या पलीकडे गेली होती. बाभळीचा निखारा धूर न करता तास तासभर धगधगत राहतो.

"घरी गॅस आहे ना मावशी?" शिवशंकर म्हणाला. "मग जंगलात कशाला जायचं?"

"हाय की. सिलिंडर बाजेखाली ठिवू का?"

ज्ञानोबाला हसू आलं. ते त्याने खोकल्यात लपवलं.

शिवशंकर चिडून उठला आणि अंगणात गेला. त्याने मोळीचा बंद बुटाच्या टोकाने उचलून दाखवला. "तोड केली नाही म्हणता, मग हे काय? हिरवीगार साल आहे. हात लावा, ओली लागते."

सरजाबाईने बंदाकडे पाहिलं. साल हिरवीच होती. मोळी बांधायचा दोर काल तिने घरी झोळीला लावला होता. नातवाला निजवायला आढ्याला झोळी बांधली, तेव्हा हाताला तोच लागला. पहाटे ती तशीच निघाली आणि लाकडं गोळा झाल्यावर तिला दोराची आठवण झाली. मग आपट्याची एक फांदी वाकवून तिने सालीच्या लांब पट्ट्या सोलल्या आणि पीळ देऊन बंद केला. ही विद्या तिच्या आईची. पण साल सोलताना फांदीचं पांढरं अंग उघडं पडलं, तेव्हा तिला आतून कसंतरी झालं होतं.

"ती साल म्या सोलली," ती म्हणाली. "आपट्याची हाय. चुकलंच माझं. तेवढं लिही, सही करते. पन झाड तोडलं न्हाई."

"साल ओली म्हणजे लाकूडही ओलंच असणार."

"आसं कोन शिकवलं तुला?"

शिवशंकरला कुणीच शिकवलं नव्हतं. नोकरीच्या परीक्षेत त्याचे मार्क चांगले होते. त्याला झाडांची शास्त्रीय नावं पाठ होती आणि दर महिन्याला वरच्या साहेबांना गुन्ह्यांची यादी दाखवावी लागत होती. बाकी लाकूड त्याने जाळलं ते इथे आल्यावरच, आणि तेही कसं, ते चौकीच्या मागून येणारा धूर सांगत होता. तीन दगडांवर त्याच्या अंघोळीचं पाणी ठेवलेलं होतं. पहाटेपासून ठेवलेलं, अजून कोमटच.

सरजाबाई सरळ तिकडे निघाली. शिवशंकर मागोमाग गेला, डोळे चोळत.

"हे कुठलं लाकूड?"

"कुंपणावरची सुबाभूळ वाऱ्यानं पडली परवा. तीच तोडून लावली."

"बघ हिच्याकडं." तिने एक जळतं लाकूड ओढून त्याच्यापुढे धरलं. कापलेल्या टोकातून पाणी फसफसत होतं, वर पांढरा फेस आला होता. "ह्याला ओलं म्हनत्यात. रडतंय बघ. आता माझं बघ."

तिने चुलीतली सगळी सुबाभूळ बाजूला ओढून मातीत विझवली. मग अंगणात जाऊन मोळीचा बंद सैल केला आणि मनगटाएवढी पाच लाकडं घेऊन आली. तिने ती दगडावर आपटून कडाकड मोडली, चुलीत रचली आणि खाली मूठभर पाचोळा आणि काटक्या घातल्या.

"काडी दे ज्ञानोबा."

शिवशंकर म्हणाला, "थांबा. जप्तीचा माल आहे तो."

"आजून सही न्हाई झाली. तवर माझा हाय."

दोघांनीही ज्ञानोबाकडे पाहिलं. ज्ञानोबाने एकदा शिवशंकरकडे बघितलं, एकदा टेकडीकडे. मग खिशातून काडीपेटी काढली आणि सरजाबाईच्या हातावर ठेवली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने एवढी मोठी हिंमत बहुधा कधी केली नसेल.

एकच काडी लागली. पाचोळा भडकला, बाभळीने जाळ धरला, आणि थोड्या वेळाने धूर कुठे आहे म्हणून शोधावं लागलं. पातेल्यातलं पाणी बोलायला लागलं. शिवशंकर पुढे होऊन पातेल्यात डोकावला. त्याला राग आला होता, लाजही वाटली होती, आणि इतक्या दिवसांनी आज कढत पाण्याने अंघोळ होणार याचं सुखही लपत नव्हतं.

"आता लिही," सरजाबाई म्हणाली. "वाळलेली बाभूळ, एका काडीत पेटली. आन् आपट्याची साल सोलली, ती सरजाबाईनं. माझ्या मोळीपायी वाडीच्या बायांचं नाव घ्यायचं न्हाई."

त्याने लिहिलं. दोनदा खोडून तिसऱ्यांदा नीट लिहिलं. ज्ञानोबाने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग सरजाबाईने सही केली. प्रौढ वर्गात शिकलेली अक्षरं, एकेक स्वतंत्र, वर शिरोरेषा घट्ट.

"साल सोलणं हासुद्धा गुन्हाच आहे मावशी," शिवशंकर हळू आवाजात म्हणाला. "वाडीची मुभा राहील, पण मोळी ठेवून घ्यावी लागेल. ते माझ्या हातात नाही."

तो खोटं बोलत नव्हता. सरजाबाईला ते कळलं, म्हणूनच जास्त लागलं. पहाटे चारला उठून, काटे टोचून घेऊन आणलेलं सरपण होतं ते.

"ठिव," ती म्हणाली. "लाकूड लिहिलंस न्हवं कागदावर?"

"हो."

"निखारा लिहिलास का?"

त्याने कागदाकडे पाहिलं. त्यात तसं काही नव्हतं.

तोवर चुलीतला जाळ बसला होता आणि पाच लाकडांचे लालबुंद निखारे दगडांत पडले होते. ज्ञानोबा न सांगता उठला आणि रोपवाटिकेचं जुनं घमेलं घेऊन आला. सरजाबाईने तळाला राखेचा थर दिला, फळकुटाने निखारे आत ओढले आणि वरून पुन्हा राख पसरली. चुंबळ जाड होती. घमेलं तिच्यावर ठेवून ती उठली, तोल सांभाळला, आणि फाटकातून बाहेर पडली. वाडी तिथून अर्ध्या तासावर होती. पूर्वी शेजारणीकडून विस्तव मागून आणायचे दिवस तिने पाहिले होते. राखेखाली निखारा किती जगतो हे तिला कुणी सांगायला नको होतं.

घरी करिश्मा गोधडीत मुटकुळं करून पडली होती. "माय, लाकडं कुठं हायत?"

"चौकीत."

"मग आता शेक?"

सरजाबाईने घमेलं बाजेखाली सरकवलं, दार अर्धं उघडं ठेवलं आणि वाकून राखेवर हलकी फुंकर घातली. वरचा पांढरा थर उडाला. खाली निखारे तसेच्या तसे लाल होते.

मग तिने झोळीतून नातवाला उचलून लेकीच्या कुशीत दिलं, स्टुलावर चढून आढ्याचा दोर सोडला आणि आपल्या जुन्या लुगड्याचा पीळ करून त्यानेच झोळी पुन्हा बांधली. दोन्ही हातांनी ओढून तिने ती पारखून घेतली.

"आता दोर कशापायी सोडला, माय?"

"सकाळी लागंल," सरजाबाई म्हणाली आणि दोर गुंडाळून दाराजवळच्या खुंटीवर, चुंबळीशेजारी अडकवला.