दादाचा ढिला चाकू

वजनकाट्यावरच्या कारकुनाकडे एकतीस चाकू होते आणि त्यातल्या एकानंही त्याच्या घरात कधी साधं लिंबूसुद्धा कापलं नव्हतं. सगळे घडीचे, खिशात मावणारे (म्हणजे खिसा भक्कम असेल तर), आणि सगळे रुंद पात्याचे. हल्लीच्या चिंचोळ्या, पाकिटं फोडायच्या सुऱ्यांकडे तो ढुंकूनही बघत नसे. दोन बोटं रुंद पातं, जाड पाठ, शिंगाची नाहीतर जुन्या लाकडाची मूठ, असा ऐवज कुठं दिसला की स्वारी जागची हलायची नाही. माळ्याचा चाकू, मेंढपाळाचा चाकू, खोगीर शिवणाऱ्याचा चाकू, असे काचेच्या कपाटात हिरव्या कापडावर ओळीनं निजलेले असत आणि प्रत्येकाखाली त्याच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी. "एकतीस चाकू आहेत घरात, आणि टोमॅटो मी बोथट सुरीनं चिरडते," असं त्याची बायको आल्यागेल्याला सांगायची. त्यात काडीचंही खोटं नव्हतं.

गेलं वर्षभर मात्र कपाटाचं कुलूप निघालं नव्हतं. बायकोनं काच पुसली, पण कुलपाबद्दल विचारलं नाही. आधार असलेला सख्खा थोरला भाऊ गेला, तेव्हा माणसाचं मन उडायचंच, असं ती धरून चालली.

रविवारी सकाळी वहिनी आली. त्या थोरल्या भावाची बायको. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि त्या गुंडाळीचा आकार बघूनच कारकुनानं आत काय आहे ते ओळखलं.

"भाऊजी, याला धार लावून द्या," ती म्हणाली. "पोरगी उद्यापासून बोटीवर जातेय. दोराच्या कामावर."

"दोरावर? त्याच बोटीवर?"

"दुसरी आहे कुठं? बापाची जागा देतायत म्हटल्यावर तिनं मला विचारलंही नाही. आता चाकूही बापाचाच हवाय." ती टेकली, पदरानं कपाळ टिपलं. "मी सांगून थकले. चोवीस वर्षांची घोडी, तिला काय बांधून ठेवू? तेवढी तिच्या सगळ्या पँटींच्या खिशांची बटणं मात्र उसवतेय."

"बटणं? ती का?"

वहिनीनं त्याच्याकडे बघितलं नाही. रुमालाची गाठ सोडत म्हणाली, "त्याच्या खिशाला बटण मीच लावलं होतं ना. वाकला की चाकू पाण्यात पडेल म्हणून. काजंही असं घट्ट केलं होतं की विचारू नका. त्या दिवशी सगळा वेळ त्या बटणात गेला, भाऊजी. माझ्या बटणानं गेला तो."

भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात तिनं हे सांगितलं. वर्षभर रोज स्वतःला सांगितलेलं होतं, शब्द गुळगुळीत झाले होते.

"काहीतरीच काय, वहिनी," कारकून म्हणाला. खरं बोलायची तीच वेळ होती, आणि ती त्यानं त्या तीन शब्दांत घालवली. ती गेल्यावर त्याला स्वतःची किळस आली.

काय होतं खरं, ते सांगायला हवं.

दादा फेरीबोटीवर दोर सांभाळायचा. बोट धक्क्याला लागली की दोर खुंट्याला टाकायचा, निघाली की सोडवायचा, दिवसातून तीस-तीस वेळा. त्याच्या खिशातला चाकू बाकीच्या सगळ्यांचा बाप होता. पातं अडीच बोटं रुंद, धार सरळ, टोक मुद्दाम बोथट. दोरावर ठेवून पाठीवर लाकडी ठोकळा हाणला की मनगटाएवढ्या दोराचे दोन तुकडे. मूठ घामानं काळी पडलेली. आणि बिजागरी इतकी ढिली की चाकू हलवला तर खुळखुळ वाजायचा. एका हातात दोर धरलेला असायचा, म्हणून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं नुसतं लोटलं की पातं उघडायचं. वीस वर्षं तसं लोटून लोटूनच ते तसं झालं होतं.

आता हौशी लोकांचं एक शास्त्र असतं. पातं जराही हलता कामा नये. उघडताना नखाच्या खाचेत नख घालून ओढावं लागलं पाहिजे, आणि शेवटी खट्ट वाजलं पाहिजे. वाजलं नाही तर चाकू मेला. हे शास्त्र ज्यांनी लिहिलं त्यांनी त्या चाकूनं पोट भरणाऱ्या एका तरी माणसाला विचारलं होतं का, कोण जाणे. पण कारकुनाचा त्यावर भारी विश्वास.

"दादा, हा चाकू आहे की खुळखुळा?" तो मागच्या वर्षी म्हणाला होता. "दे इकडं."

"राहू दे रे, चालतंय."

"चालतंय काय चालतंय! लाज जाते माझी. चार दिवस दे फक्त."

आणि दादानं दिला. धाकट्याला नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. बाप गेल्यावर शाळा सोडून तो बोटीवर गेला होता, म्हणून हा शिकला आणि सावलीत खुर्चीवर बसला. त्याची परतफेड कशानं करावी हे कारकुनाला कधी सुचलं नव्हतं. दादाला कपडे नको असत, घड्याळ नको असे. हा एक चाकू होता, आणि चाकूतलं आपल्याला कळतं अशी याची खात्री. मग काय विचारता! त्यानं बिजागरीचा जुना खिळा काढला, नवा पितळी बसवला, त्याच्या डोक्यावर मोजून ठोके दिले, पातं दाबून धरणाऱ्या पाठीच्या कमानीला नव्यानं बाक दिला, पातं घासून लख्ख केलं. चौथ्या दिवशी बंद करून उघडला तर खट्ट! आख्ख्या खोलीत घुमलं. त्या दिवशी तो रस्त्यानं शीळ घालत दादाकडे गेला.

दादानं दोन्ही हातांनी चाकू उघडला, बंद केला. "झकास," म्हणाला. "हा तर तुझ्या कपाटात शोभेल." आणि पाठीवर थाप मारली.

नवव्या दिवशी दुपारी बोट निघताना दोराचं वेटोळं दादाच्या पायात अडकलं. दोर खुंट्याला होता आणि बोट मागं सरत होती. डाव्या हातानं त्यानं कठड्याला मिठी मारली, उजव्या हातानं चाकू काढला. चालकानं यंत्र थांबवलं, पण बोट काही बैल नव्हे, जागच्या जागी उभी राहायला. ओढीनं हात सुटला आणि दादा बोट आणि धक्का यांच्या मधे पडला.

कारकून पोचला तेव्हा त्याला बाकावर ठेवलं होतं. मुठीत चाकू होता, मिटलेला. "शेवटपर्यंत सोडला नाही गड्यानं," चालक रडत म्हणाला. सगळ्यांना मूठ दिसली. कारकुनाला अंगठा दिसला. नख अर्ध्यातून उलटलेलं, मुळापर्यंत. त्या खाचेत त्यानं किती वेळा नख घातलं असेल, ते तिथं जमलेल्यांत एकाच माणसाला वाचता येत होतं. आणि तो मूग गिळून बसला तो आजतागायत.

दुपारी त्यानं कपाटाखालचा हत्यारांचा खण उघडला. आपणच ठोकलेला खिळा कानशीनं घासून काढला. कमानीचा बाक काढला. नवा खिळा सैल ठेवला, घासायची पूड तेलात कालवून बिजागरीत सोडली आणि पातं उघड-मीट, उघड-मीट करत राहिला, दोनशे वेळा, तीनशे वेळा. मग धुतलं, पुसलं, धार लावली. चाकू हलवला. खुळखुळला. अंगठ्यानं लोटलं, उघडला. वीस वर्षांत जे झालं होतं ते त्याला पाच तासांत करता आलं, आणि या विचारासरशी तो तिथंच खाली बसून ढसाढसा रडला.

बायको दारात आली, पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

आता खरं तर काम झालं होतं. पोरीच्या हातात ढिला चाकू पडणार होता. कुणाला काही कळणार नव्हतं. एवढ्यावर भागलं असतं, पण मग ते बटण वहिनीच्या गळ्यात जन्मभर राहिलं असतं. संध्याकाळी वहिनीकडे चालत जाताना त्याचं मन त्याला दोन्ही बाजूंनी खात होतं. सांगितलं तर हे एक घर आपल्याला तुटलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

वहिनी खिडकीपाशी शेवटची पँट मांडीवर घेऊन बसली होती. समोर बशीत उसवलेली बटणं. ती बशी बघून तो तिच्यासमोर खाली बसला.

"वहिनी, बटणानं नाही गेला दादा," तो म्हणाला. "चाकू हातात होता त्याच्या. बटण केव्हाच निघालं होतं. चाकू उघडला नाही. मी घट्ट करून दिला होता. एका हातानं उघडणाराच नव्हता तो. माझ्या हौसेनं गेला दादा. आणि मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

वहिनीनं सुई पिनकुशनला खोचली. हात पुढं केला. त्यानं चाकू दिला. तिनं तो कानाशी नेऊन हलवला आणि डोळे मिटले.

"हाच आवाज," ती म्हणाली. मग, "मला ठाऊक होतं, भाऊजी."

"काय?"

"घट्ट झालाय ते. तुम्ही देऊन गेलात त्याच रात्री मला म्हणाला. 'धाकट्यानं पार बिघडवलाय गं. पण त्याला बोलू नकोस, फार मनाला लावून घेतो. वापरला की होईल ढिला महिनाभरात.' मला शपथ घातली. म्हणून नाही बोलले. सकाळी वाटलं, मुकाट्यानं ढिला करून आणाल. तेवढंच हवं होतं मला." तिनं बशीतलं एक बटण उचललं, परत ठेवलं. "बटणाचं मी खोटं नाही बोलले. तेही होतंच की. त्यातही वेळ गेला असेलच."

कारकुनानं बशी तिच्यापुढून बाजूला सरकवली.

"महिना मागितला होता त्यानं," वहिनी म्हणाली. "नऊच दिवस मिळाले."

तेवढ्यात आतून पुतणी आली, बोटीवरचे नवे बूट घालून बघत. आईचा चेहरा, काकाचा चेहरा तिनं बघितला. वर्षभरात या घरात असे चेहरे नवे नव्हते. तिनं चाकू उचलला, हलवला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"काका, हा तर खुळखुळतोय. तुम्हाला एवढं येतं, घट्ट करून द्या ना."

वहिनीनं मान खाली घातली.

"राहू दे गं," काका म्हणाला. "चालतंय." मग तो उठला, तिचा डावा हात धरून त्यानं खिडकीच्या गजावर ठेवला. "इथं घट्ट धर. काही झालं तरी सोडायचा नाही. आता उघड."

तिनं अंगठ्यानं लोटलं. पातं उघडलं.

"मीट. पुन्हा उघड."

ती हसली, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू थांबलं आणि तिनं चाकू पुन्हा उघडला. दिवे लागले तरी तो तिला सोडेना, आणि वहिनीही "पुरे" म्हणाली नाही.