आपलं पत्र आपणच काढायचं

दादा कवळ्या करायचा. लोकांच्या तोंडात त्याने चाळीस वर्षं दात बसवले, स्वतःच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे मात्र त्याच्या जिवावर यायचं. "तुमच्याशी बोलून बोलून माझ्या दातांच्या कण्या झाल्या. आता माझीही एक कवळी करून ठेवा," असं बायको म्हणायची. त्यावरही तो नुसतं "हं" करायचा.

ती जाऊन पाच महिने झाले, आणि पाकीट आलं.

पाकिटाची हकिगत अशी. दादाची तिन्ही भावंडं परदेशांत पांगलेली: मधला, धाकटा आणि बेबी. बेबी आता अठ्ठावन्न वर्षांची आहे, पण चिकटलेलं नाव कुठं सुटतंय! एकतीस वर्षांपूर्वी दादाच्या बायकोने, म्हणजे या तिघांच्या वहिनीने, ही टूम काढली. एक जाड पाकीट, त्यात चार घरांची चार पत्रं. पाकीट आलं की सगळी वाचायची, आपलं जुनं पत्र काढून नवं घालायचं आणि पुढच्या घरी रवाना करायचं. दुसऱ्याचं पत्र काढायचं नाही. एका फेरीला वर्ष लागायचं, कारण सगळं खानदानच आळशी. पुढे फोन आले, पण फोनवर "काय चाललंय?" आणि "ठीक" यापुढे यांची गाडी जायची नाही. म्हणून पाकीट फिरत राहिलं. या घरचं पत्र अर्थातच वहिनी लिहायची. ती चिकटवून द्यायची, दादा पोस्टात टाकून यायचा. बाकीच्यांची पत्रं ती जेवताना वाचून दाखवायची, तेव्हा तो जेवायचा.

पाकीट त्याने घरी फोडलं नाही. नऊ दिवस ते डब्याच्या पिशवीत कामावर जात-येत राहिलं. दहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने टेबलावरचे प्लास्टरचे जबडे बाजूला सरकवले आणि मेण कापायच्या सुरीने कड फाडली. त्याला काही वाटत नव्हतं. पाच महिने हे असंच चाललं होतं. दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर आपलाच ओठ चाचपावा आणि तो दुसऱ्या कुणाचा लागावा, तसं. भेटायला आलेली माणसं रडून गेली, दादाने त्यांना चहा करून दिला होता.

मधल्याचं पत्र अकरा महिन्यांपूर्वीचं. "वहिनी, गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नकोस. आणि दादाने सांगितलेला शाळेच्या घंटेचा किस्सा वाचून आम्ही हसून हसून लोळलो. बाकी या माणसाला म्हातारपणी चांगलीच वाचा फुटली!"

दादाने चष्मा पुसून परत वाचलं. त्याने कसला किस्सा सांगितला?

धाकट्याचं पत्रही ती असतानाचंच. "वहिनी, दादाला सांग, मलाही त्याची रोज आठवण येते. तो दर वेळी इतक्या मायेने निरोप धाडतो, मला मेल्याला दोन ओळी सुचत नाहीत."

बेबीचं तेवढं नंतरचं होतं, आणि ते दादाला होतं. "दादा, वहिनीचं पत्र पाकिटात तसंच आहे. मी काढलं नाही. नियम म्हणजे नियम, आपलं पत्र आपणच काढायचं. तुमच्या घरचं आता तू काढ आणि तुझं घाल. तुझं पत्र नसलेलं पाकीट आलं, तर मी पुढे पाठवणार नाही. आपलं चौघांचं तिथेच संपलं असं समजेन. रागाने नाही लिहीत."

दादाने बायकोचं पत्र काढलं. सहा पानं, दोन्ही बाजूंनी. एकतीस वर्षांत तो पहिल्यांदाच तिचं पत्र वाचत होता.

त्यात पानोपानी तोच होता. हे म्हणाले, धाकट्याला थंडी सोसत नाही, त्याला म्हणावं छाती झाक. हे परवा घंटेची गोष्ट सांगत होते, घंटेचा लोलक खिशात घालून कसे घरी आले आणि शाळा दिवेलागणीपर्यंत कशी सुटेना. हे बेबीच्या आठवणीने जेवता जेवता थांबले.

तो कधीच थांबला नव्हता. घंटेची गोष्ट मात्र खरी होती. लग्न झालं त्या आठवड्यात गच्चीवर त्याने ती तिला सांगितली होती. तेव्हा तो बोलायचा. पहिल्या दोन वर्षांत तो जे काही बोलला, त्यावर तिने एकतीस वर्षं भागवली होती.

सुट्टी संपली. त्याने एका कवळीचे खालचे दात मेणात लावले, मग वरचे लावले.

रविवारी दुपारी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसला. "आम्ही सर्व ठीक," असं लिहिलं. सर्व म्हणजे कोण? तो कागद फाडला. दुसऱ्यावर तिच्या जाण्याची तारीख लिहिली. ती सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून तोही फाडला. पाकीट असंच परत धाडावं, बेबी काय समजायचं ते समजो, असंही मनात आलं. शेवटी त्याने सगळी पत्रं समोर मांडली आणि एकेकाने जे विचारलं होतं त्याचं उत्तर द्यायला घेतलं.

"मधल्या, तू गुडघ्याचं विचारलं होतंस. हिचा गुडघा आता दुखत नाही."

एवढं लिहून हात थांबला. भूल उतरते तेव्हा आधी दुखायला लागतं, हे त्याला जन्मभर ऐकून ठाऊक होतं. आता दुखलं. टेबलावर डोकं टेकून तो रडला, चांगला मोठ्याने रडला, आणि शेजारच्यांना ऐकू जाईल याचीही त्याला फिकीर वाटली नाही.

मग त्याने बाहीने तोंड पुसलं.

"धाकट्या, ते निरोप मी दिलेले नव्हते, हिच्या मनचे होते. हा माझा आहे, छाती झाकत जा. बेबी, माझं पत्र घातलंय, पाकीट थांबवू नकोस. तो लोलक मी दुसऱ्या दिवशी परत नेला, तेव्हा शाळेत काय झालं, ते कुणालाच माहीत नाही. हिने कितीदा विचारलं, मी 'हं' म्हणालो. हिला सांगायचं राहिलं. आता तुम्हाला सांगतो."

आणि त्याने दुसरा कागद ओढला.